बाकल्याचा वाफा : एका शेंगेचा दहा हजार वर्षांचा इतिहास



आज आम्ही टेबलावर एक वाटी ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांना ती दिसणार नाही, म्हणून सांगतो. वाटीत मूठभर बिया आहेत. चपट्या, तपकिरी, अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या, आणि एका कडेला काळी रेघ. व्याख्यान सुरू होण्याआधी दोघा-तिघांनी येऊन विचारलं, "हे वाल का?" एक काकू म्हणाल्या, "वाल एवढे मोठे कुठे असतात? ही डबल बी असणार." दोन्ही अंदाज चुकले, पण त्यात त्यांचा दोष नाही. हे धान्य आपल्या स्वयंपाकघरात फारसं आलंच नाही. उत्तरेत बिहार, उत्तर प्रदेश, काश्मीर या भागांत ते पिकतं आणि त्याला बाकला म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव ब्रॉड बीन किंवा फाबा बीन. शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा, जे लिनियसने १७५३ साली दिलं. मराठी कोश आणि भाषांतरं मात्र त्याला कधी घेवडा म्हणतात, कधी वाल, कधी पावटा. हे तिन्ही वेगळे. तेव्हा आज आपण बाकला हाच शब्द वापरू.

आता प्रश्न असा की, आपण खात नाही त्या शेंगेवर आपण एक संध्याकाळ का घालवायची? आमचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग सोपा आहे. गहू आणि जवाचा इतिहास आपण राजांच्या कोठारांतून वाचतो, कारण त्यांची मोजदाद होत होती. घरामागच्या भाजीच्या वाफ्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. तरी दुष्काळात माणसं जगली ती पुष्कळदा त्या वाफ्यावर. बाकला हे त्या वाफ्यातलं फार जुनं पीक. दुसरा भाग थोडा अवघड आहे. या शेंगेवर जुन्या काळी बंदी होती आणि त्या बंदीला आज 'वैज्ञानिक कारण' दिलं जातं. ते कारण टिकतं का, हे आपल्याला तपासायचं आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

सुरुवात सुरुवातीपासून करू. आजच्या इस्राएलमध्ये कार्मेल डोंगरावर एल-वाद नावाचं स्थळ आहे. तिथं बाकल्याच्या जळलेल्या बिया मिळाल्या, त्यांचं वय सुमारे १४,००० वर्षं. तेव्हा शेती नव्हती. म्हणजे माणसं रानातला बाकला गोळा करून खात होती. त्याच प्रदेशात, खालच्या गॅलिलीतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत, सुमारे १०,२०० वर्षांपूर्वीच्या बिया मोठ्या संख्येनं सापडल्या. त्या साठवणीच्या होत्या, आणि मुद्दाम पेरलेल्या पिकाच्या असाव्यात असं अभ्यासकांचं मत आहे. गंमत अशी की, ज्या रानटी झाडापासून हे पीक आलं ते झाड आज रानात कुठेही सापडलेलं नाही. मूळ संपलं आणि फक्त लागवडीतलं रूप उरलं. दहा हजार वर्षं दरवर्षी कुणी ना कुणी बी राखून ठेवलं, म्हणून या वाटीत आज बिया आहेत. एक वर्ष जरी सगळ्यांनी मिळून ते खाऊन टाकलं असतं, तरी गोष्ट संपली असती.

आता हे पीक घेतात कसं, ते पाहू. कारण त्याचा पुढचा सगळा इतिहास त्याच्या हंगामात दडलेला आहे.

बाकल्याला थंडी चालते, उन्हाळा चालत नाही. लहान रोप हलकं हिम सहज सोसतं. उलट फुलाच्या वेळी उष्मा वाढला तर फुलं गळतात आणि शेंग धरत नाही. पुण्याजवळ आमच्या वाफ्यात आम्ही एकदा डिसेंबरच्या शेवटी उशिरा बी टोकलं होतं. झाडं कमरेएवढी झाली, फेब्रुवारीअखेर काळे ठिपके असलेली पांढरी फुलं आली, शेजारीपाजारी बघायला आले, आणि मार्चच्या उन्हात फुलं झडून गेली. सबंध वाफ्यातून शेंगा मिळाल्या अकरा. तेव्हा कळलं की, या पिकात सगळा खेळ तारखेचा आहे.

युरोपातही हाच खेळ. इंग्लंडमधला बागाईतदार बी एक तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतो, नाही तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. रीत साधी आहे. दोन बोटं, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर खोल बी टोकायचं. दोन बियांमध्ये वीतभर, २० सेंटिमीटर अंतर. ओळी जोडीनं घ्यायच्या आणि दोन जोडओळींमध्ये माणूस बसून तण काढू शकेल एवढी, सुमारे ६० सेंटिमीटर वाट सोडायची. झाड वाढलं की ते वाऱ्यानं लोळतं, म्हणून चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुतळी बांधायची. खालच्या शेंगा धरू लागल्या की शेंडे खुडायचे. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा बसतो. शेंडा गेला की त्याची आवडती जागा गेली, आणि झाडाचा जोर शेंगांकडे वळला. खुडलेल्या शेंड्यांवर मावा नसेल तर त्यांची भाजी होते. शेंगा काढून झाल्या की झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं आणि मुळं तशीच मातीत ठेवायची. त्या जागी पुढं कोबी लावायचा.

यातली एकही गोष्ट आजची नाही. पेरणी कधी करायची हा वाद तर दोन हजार वर्षांचा आहे. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या आपल्या काव्यात, 'जॉर्जिक्स'मध्ये, बाकला वसंतात पेरायला सांगितला. शंभरेक वर्षांनी प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात त्यावर टीप दिली. तो म्हणतो, ही पो नदीच्या खोऱ्यातली चाल झाली. बहुतेकांना लवकर पेरलेलं पीक बरं वाटतं. कृत्तिका मावळण्याआधी बी जमिनीत पडावं, म्हणजे हिवाळ्याच्या आत रोप उभं राहतं. कृत्तिका हा शब्द ऐकून आपल्याला घरच्यासारखं वाटलं असेल. त्या काळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहाटे कृत्तिका पश्चिमेला मावळत आणि रोमन शेतकरी त्या सुमारास बी टोकत असे. आपला शेतकरी मृगाच्या पेरणीचा हिशेब करतो, तसाच हा हिशेब. व्हर्जिल उत्तरेकडच्या मांटुआचा होता, तिथली थंडी कडक. म्हणजे त्याचंही चूक नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या गावचा हंगाम सांगत होता.

शरदातल्या पेरणीला एक मोठं कारण होतं. वसंत संपता संपता कोठार रिकामं होतं. गेल्या वर्षीचं धान्य तळाला गेलेलं, हिवाळी भाज्या संपलेल्या, आणि नवीन पीक अजून हिरवं. आपल्याकडे जून-जुलैत गरिबाच्या घरी जशी ओढाताण असते, तशी तिकडे मे-जूनमध्ये. नेमक्या त्या दिवसांत शरदातला बाकला शेंगेवर येतो. कोवळी असताना अख्खी शेंग शिजते, मग हिरवे दाणे मिळतात, आणि उरलेलं वाळवून वर्षभर ठेवता येतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वाटाणा आणि बाकला यांची पातळ पेज हे रोजचं जेवण होतं. घोड्यांसाठी या दोहोंच्या पिठाची जाड भाकरी भाजत असत, आणि वाईट वर्षी तीच भाकरी माणसं खात. इजिप्तमध्ये फूल नावाचा, बाकला मंद आचेवर शिजवून केलेला पदार्थ आजही सकाळची न्याहारी आहे, मजुरापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची.

मुळं मातीत ठेवायची, असं मघाशी म्हटलं. त्याचं कारण थिओफ्रास्टसला ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अंदाजानं माहीत होतं. मॅसिडोनिया-थेसलीकडे बाकला फुलावर आला की शेत नांगरतात, त्यानं जमिनीला खत मिळतं, असं तो नोंदवतो आणि प्लिनीही तेच सांगतो. आपण आज ताग गाडतो तसंच. का मिळतं, हे कळायला मात्र एकोणिसावं शतक उजाडलं. १८८६ मध्ये हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की, शेंगवर्गीय झाडं आपल्या मुळांवरच्या गाठींच्या मदतीनं हवेतला नायट्रोजन वापरतात. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंकने त्या गाठींमधले जिवाणू वेगळे काढून वाढवले, आणि १८९० मध्ये त्याच जिवाणूंनी बाकल्याच्या रोपावर मुद्दाम गाठी आणून दाखवल्या. शेतकऱ्याचा अनुभव आणि प्रयोगशाळेतला पुरावा यांच्यात बावीसशे वर्षांचं अंतर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच सुमारास डार्विननेही बाकल्यावर एक साधा प्रयोग केला होता. बाकल्याची सतरा झाडं त्याने जाळीखाली झाकली आणि शेजारची सतरा उघडी ठेवली. झाकलेल्या झाडांना ४० दाणे आले, उघड्या झाडांना १३५. फरक मधमाश्या आणि भुंग्यांचा. हा हिशेब त्याच्या १८७६ च्या पुस्तकात आहे. वाफा राखणाऱ्या कुणालाही तो आजही करून बघता येईल.

सोळाव्या शतकात एक नवा पाहुणा आला. अमेरिकेतून घेवड्याच्या जाती युरोपात आल्या, आपला राजमा आणि फरसबी याच कुळातले. फरसबी हे नाव 'फ्रेंच बीन'वरून आलं, पण मूळ झाड अमेरिकेचं. त्यांचे वेल भराभर वाढत, उन्हाळा सोसत. इंग्रजीत तोवर नुसतं 'बीन' म्हटलं की बाकला. आता तो शब्द पाहुण्याने घेतला आणि घरच्या जुन्या पिकाला 'ब्रॉड', म्हणजे रुंद, असं विशेषण लावावं लागलं. तरी वाफ्यातून तो गेला नाही, कारण थंडीत उभं राहणं पाहुण्याला जमत नव्हतं.

त्याची गरज पुन्हा भासली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनला अन्न समुद्रमार्गे येत होतं आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने घरोघरी भाजी पिकवण्याचं आवाहन केलं, ते पुढे 'डिग फॉर व्हिक्टरी' या नावाने ओळखलं गेलं. भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांची संख्या सुमारे ८ लाखांवरून १४ लाखांवर गेली. असा एक वाफा म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, अडीच गुंठे. उद्यानं, टेनिसची मैदानं, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या खणल्या गेल्या. ज्यांनी कधी फावडं धरलं नव्हतं अशा शहरी बायकांना, कारकुनांना पत्रकं वाटून शिकवलं गेलं. मांस मोजून मिळत होतं. अशा वेळी हिवाळ्यात जमिनीत राहणारं, वाळवून टिकणारं प्रथिनांचं पीक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता अवघड भागाकडे येऊ.

ज्या शेंगेनं एवढ्यांना जगवलं, तिच्याबद्दल जुन्या जगात भीतीही होती. ग्रीक तत्त्ववेत्ता पायथागोरस, ज्याचं प्रमेय आपण शाळेत शिकलो, त्याने शिष्यांना बाकला खायला मनाई केली होती, असं परंपरा सांगते. शत्रू पाठलाग करत असताना तो बाकल्याच्या शेताशी थांबला, ते तुडवण्यापेक्षा त्याने मरण पत्करलं, अशीही कथा आहे. रोममध्ये मे महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखेला लेमुरिया नावाचा पितरांचा सण असे. मध्यरात्री घरधनी अनवाणी उठून, मागे न बघता काळे बाकले टाकत जाई, म्हणजे भुतं ते घेऊन घराबाहेर पडतील. ज्युपिटरच्या मुख्य पुरोहिताला तर बाकल्याला शिवायचीच नव्हे, त्याचं नाव घ्यायचीही बंदी होती. इजिप्तचे पुरोहित बाकल्याकडे बघतसुद्धा नाहीत, असं हिरोडोटस लिहितो. इजिप्शियन लोक तो पेरतच नाहीत, असंही तो म्हणतो. इथं मात्र जमीन त्याला खोटं पाडते. प्राचीन इजिप्तच्या उत्खननांत बाकला सापडतो.

याला आज जोडलं जाणारं कारण असं. काही माणसांच्या, विशेषतः लहान मुलग्यांच्या, शरीरात बाकला खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत तांबड्या पेशी फुटू लागतात. अंग पिवळं पडतं, लघवी काळसर होते, वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. या आजाराला फेव्हिझम म्हणतात. सार्डिनिया बेटावर दर वसंतात, हिरवे बाकले बाजारात आले की मुलं आजारी पडत. फुलांच्या वासानंही त्रास होतो, असा तिथल्या लोकांचा समज होता. कारण सापडलं ते १९५६ मध्ये, आणि तेही वेगळ्याच वाटेनं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या प्रायमाक्विन या औषधाचे प्रयोग चालू होते. काहींच्या तांबड्या पेशी त्या औषधानं फुटत. शोध घेताना दिसलं की, त्यांच्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी आहे. लवकरच कळलं की, बाकल्याने आजारी पडणाऱ्यांतही तीच उणीव असते. बाकल्यातली व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्यं तो झटका आणतात. कैद्यांच्या शरीरावर केलेल्या प्रयोगांतून हे ज्ञान आलं, ही गोष्टही इतिहासात नोंदवायला हवी.

ही उणीव आईकडून मुलग्यात येते आणि जगात सुमारे ४० कोटी लोकांत आहे. जिथं मलेरिया फार होता तिथं ती जास्त, कारण ती मलेरियापासून थोडं संरक्षण देते. आपल्याजवळचं उदाहरण द्यायचं तर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या संशोधकांना पारशी समाजात तिचं प्रमाण जास्त आढळलं. वाल-पावट्यात ही द्रव्यं नसतात, तेव्हा आजच्या श्रोत्यांनी वालाच्या बिरड्याची धास्ती घेऊ नये.

मग निष्कर्ष सोपा वाटतो. पायथागोरस दक्षिण इटलीत राहिला, तिथं मलेरिया होता, फेव्हिझम होता, म्हणून त्याने बंदी घातली. पूर्वजांना सगळं माहीत होतं. ही मांडणी पुष्कळ पुस्तकांत सापडते आणि ऐकायला फार छान आहे. आम्हाला ती मान्य करता येत नाही. तीन कारणं सांगतो.

एक, जुन्या लेखकांनी बंदीची कारणं दिली आहेत आणि त्यांत आजार नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर दिलेल्या यादीत आहे ते असं : बाकल्याचा दांडा पोकळ आणि पेर नसलेला, म्हणून तो पाताळाच्या दारासारखा. बाकल्याचे दाणे वापरून चिठ्ठीसारखी पदांची सोडत काढतात, म्हणून त्याचा संबंध राजकारणाशी. अथेन्समध्ये खरोखरच पदं अशी वाटत असत. दोन, ग्रीक-रोमन वैद्यांनी बाकल्यावर भरपूर लिहिलं आहे. गॅलेन ग्लॅडिएटर लोकांचा वैद्य होता, ते रोज बाकल्याची पेज खात असं तो सांगतो आणि तक्रार करतो ती वायूची. बाकला खाऊन काळी लघवी झाली, मूल दगावलं, असं वर्णन त्याच्याकडे नाही. तीन, बंदी होती याबद्दलच एकमत नाही. अ‍ॅरिस्टोक्झेनस हा पायथागोरसच्या परंपरेशी जवळचा लेखक. त्याने लिहिलं होतं की, पायथागोरसला सगळ्या डाळींत बाकलाच जास्त आवडे.

याचा अर्थ जुन्या लोकांना काही कळत नव्हतं, असा मुळीच नाही. खताची गोष्ट आठवा. तिथं थिओफ्रास्टसने अनुभव लिहून ठेवला आहे : अमुक प्रदेशात, अमुक वेळी, असं करतात आणि जमिनीला असा फायदा होतो. पुढे विज्ञानाने त्याचं कारण शोधलं. तिथं आपण पूर्वजांना मान देतो, कारण त्यांचा शब्द आपल्यासमोर आहे. बंदीच्या बाबतीत आपण आपला शब्द त्यांच्या तोंडी घालतो. आपल्याकडेही हे रोज चालतं. चातुर्मासात वांगं का नको, कांदा-लसूण का नको, याची 'शास्त्रीय' कारणं मोबाइलवर दर आषाढात येतात. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारावा : ज्यांनी नियम केला त्यांनी हे कारण दिलं होतं का?

आणि यात एक नैतिक मुद्दाही आहे. 'पूर्वजांना माहीत होतं' असं म्हटलं की, सार्डिनियातल्या त्या मुलांचं काय? त्यांच्या आयांना माहीत होतं की बाकल्याने काहीतरी होतं. पण कोणाच्या मुलाला होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि घरात दुसरं खायला नव्हतं. विदर्भात लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडलेल्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. धोका ठाऊक असून ती पोटात गेली, कारण दुष्काळात तेवढीच पिकत होती. ज्ञान असणं आणि निवड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबाच्या अन्नाचा इतिहास लिहिताना हा फरक विसरून चालत नाही.

शेवट आजच्या काळाशी करतो. व्हायसिन फार कमी असलेले बाकल्याचे वाण आता आहेत. ते द्रव्य तयार करण्यात महत्त्वाचा असलेला जनुक २०२१ मध्ये ओळखला गेला. २०२३ मध्ये बाकल्याचा जनुकसंच वाचून झाला, तो माणसाच्या जनुकसंचाच्या चौपट मोठा निघाला. डाळींसाठी जग नवी पिकं शोधत असताना हे जुनं पीक पुन्हा चर्चेत आलं आहे. यापुढे मूल आजारी पडणार नाही असा बाकला सगळीकडे पिकू शकेल. तो गरिबाच्या वाफ्यापर्यंत पोचेल का, हा मात्र प्रयोगशाळेचा प्रश्न नव्हे.

जाताना दाराशी वाटी ठेवली आहे. ज्यांना हवं त्यांनी चार-चार बिया न्याव्यात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दोन बोटं खोल, वीतभर अंतरावर टोका. आमच्यासारखा उशीर करू नका. आणि पीक आलं तर चार बिया पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.